तुरीतला भोंगा

"शांत राहा" हे दोन शब्द माझ्यासमोर कोणी काढू नयेत. त्या वर्षी सोयाबीनच्या सोंगणीपासून तूर घरी येईपर्यंत आम्हाला ते इतक्या लोकांनी ऐकवले, की आता नुसते कानावर पडले तरी अंगाची लाही होते. म्हणणाऱ्याचं काय जातं? म्हणायचं, चहा प्यायचा, चपला घालायच्या, घरी जायचं. ज्याच्या छातीत धडधड चाललीय त्यानं बसावं मग शांत होत.

आमचं गाव धनजच्या अंगाला, कारंजा तालुक्यात. वावर गावाला लागूनच, घराच्या ओसरीवरून आमची तूर दिसते. सोयाबीन सोंगताना इकडे एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. चारी बाजूंनी पीक कापत आलं की रानडुकरं आत आत सरकतात आणि मधे जो शेवटचा पट्टा उभा राहतो, त्यात दबून बसतात. म्हणून तो पट्टा कापायच्या आधी डबा वाजवायचा, आरडाओरडा करायचा, जनावराला पळायला एक बाजू मोकळी सोडायची. हे कोणी शिकवत नाही, लहानपणापासून पाहून पाहूनच येतं. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, कापलेलं सोयाबीन उघड्यावर पडलं होतं आणि डबा राहिला होता घरी. नवरा म्हणाला, "एवढ्याशा पट्ट्यात काय रायते?" आणि विळा घेऊन वाकला.

काय राहते ते बाहेर आलं आणि सरळ त्याच्या अंगावर गेलं. मी दोन ओळी पलीकडे होते. मला आधी फक्त सळसळ ऐकू आली, मग तो खाली पडलेला दिसला आणि त्याच्या मांडीतून रक्त. डुक्कर केव्हाच धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे गेलं होतं. मी त्याच्या मागे दगड घेऊन धावले, हे मला सोंगणीला आलेल्या बायांनी नंतर सांगितलं. मला आठवत नाही.

टाके पडले, टाके निघाले, लंगडणंही गेलं. लोक म्हणाले, सुटला बिचारा. कसला सुटला? हातातून ताटली निसटली की हा भिंतीला पाठ लावून उभा. कपाळावर घाम, हात बर्फासारखे. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान पंख्यानं फडफडलं की हा ओसरीवर. मी कॅलेंडर काढून टाकलं. दुकानातून सामान प्लास्टिकच्या पिशवीत आणणं बंद केलं, कारण तिची चुरचुर त्याला सोसत नव्हती. बशीतून चहा पिणारा माणूस, आता बशी दातांवर वाजायची म्हणून त्याला मी गिलासात चहा द्यायला लागले. आणि वावराकडे तर तो पाहीसुद्धा ना. तूर डोक्याच्या वर गेली होती. आत शिरलं की हातभरावरचं दिसत नाही, आणि वारा आला की सगळं रान सळसळतं. त्याच आवाजाला तो भेत होता.

हा कोण माणूस होता ते सांगते, म्हणजे माझा राग कळेल. ट्रॅक्टर आले तरी आमच्या गावात काही बैलजोड्या अजून आहेत. पोळ्याला पोट्टे फटाके फोडतात, डीजे लावतात, आणि दरवर्षी एखादा बैल बिथरतो. दोर तोडतो, डोळे पांढरे करतो, कोणाच्या बापाला ऐकत नाही. मग सगळे माझ्या नवऱ्याला हाका मारत. हा जायचा, अगदी सावकाश. हातात काठी नाही की काही नाही. बैलाच्या बाजूला उभा राहायचा, वशिंडाखाली तळहात ठेवायचा आणि आपल्या अंगाचा भार बैलाच्या अंगावर टाकून द्यायचा. तोंडानं नुसतं "होऽऽ... होऽऽ..." पोटातून, लांबवून. बैलाची कातडी थरथरत असायची ती हळूहळू थांबायची. मग बैल एक मोठ्ठा उसासा टाकायचा आणि हा त्याला दावणीला घेऊन जायचा. मी ते लग्नाच्या पहिल्या वर्षी पाहिलं आणि तेव्हाच मला तो आवडला, खरं सांगते. तोपर्यंत फक्त नवरा होता.

तर असा माणूस कोपऱ्यात बसला होता, आणि त्याच्याशी बोलायला येणारं एकेक शहाणं पाहा.

कारंज्याच्या डॉक्टरनं नाडी पाहिली, छाती पाहिली, म्हणाला, सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका, शांत राहा. गोळ्या लिहून दिल्या. गोळी घेतली की हा झोपे, दिवस दिवस झोपे. तोंडाला लाळ, डोळे उघडले तरी ओळख नाही. आणि झोपेतही पाय झाडायचा, म्हणजे डुक्कर तिथंही होतंच. मी परत गेले. म्हटलं, "डॉक्टरसायेब, झोपेल नवरा घरात ठेवून मी काय करू? मले जागा नवरा पाह्यजे." तो म्हणाला, "बाई, आधी तुम्ही शांत व्हा." दवाखान्यात बसलेली माणसं माना वळवून पाहायला लागली इतकी मी त्याच्याशी भांडले. शेवटी गोळी अर्धी करून दिली त्यानं. नवरा अर्धा जागा झाला.

पारावरच्या लोकांचं तर विचारूच नका. "वाघ असता त समजलो असतो, डुकराले काय भेतं बे?" म्हणे आणि हसे. एकानं सांगितलं, संध्याकाळी थोडी थोडी देत जा, भ्या पार निघून जाते. मी दळण घेऊन चालले होते. डबा खाली ठेवला आणि म्हटलं, "तुमी मर्द ना? जा मंग आता माह्या तुरीत. या पार करून. मी इथं उभी रायतो." कोणी उठलं नाही. एकजण म्हणाला, "वयनी, तुमी लय गरम होता." हो, होते गरम. तुमच्या घरचा माणूस कोपऱ्यात बसला असता म्हणजे कळलं असतं.

माझा दीर पुण्याला असतो. तो भला माणूस आहे, पण पुण्याला असतो. त्यानं फोनवर व्हिडिओ पाठवला. कानात घालायचं, डोळे मिटायचे, चार मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, चार मोजेपर्यंत धरायचा, आणि एक बाई गोड आवाजात सांगणार की तुम्ही समुद्रकिनारी पडला आहात, लाटांचा आवाज ऐका. आमच्या घराण्यात समुद्र कोणी पाहिलेला नाही. नवऱ्यानं डोळे मिटले. मी समोर बसले होते. जरा वेळ बरा दिसला. मग लाटा सुरू झाल्या. खस्स करून येत आणि खस्स करून जात. त्यानं कानातलं ओढून फेकलं आणि उभा राहिला. "कोनीतरी येऊन राह्यलं त्याच्यात," म्हणाला. मी कानाला लावून पाहिलं. खरंच, सोयाबीनमधून जनावर धावल्यासारखाच आवाज होता तो. मी दिराला फोन लावून जे बोलले ते त्याच्या बायकोनंही ऐकलं असेल, स्पीकरवर होता म्हणे.

आणि मग सासू. तिच्यावर रागावताना मला आजही वाईट वाटतं, कारण ती आई होती आणि तिचाही जीव टांगणीला लागला होता. मीठ-मोहरी ओवाळून झाली, लिंबं झाली. मग तिला कोणीतरी सांगितलं, ज्यानं भ्या लागलं त्याचंच पाणी पाजावं लागते. विळा चुलीत लाल करायचा, पाण्यात विझवायचा आणि ते पाणी प्यायला द्यायचं. ही रीत आमच्याकडे जुनी आहे, लहान पोरं दचकली की करतात. पण सासूनं विळा कुठला घेतला? त्या दिवशीचाच, त्याच्या हातातला, सोयाबीनचा. आणि पाण्याचं भगुणं ठेवलं त्याच्या कानाशी, म्हणजे गुण लवकर यावा. मी अंगणात भांडी घासत होते. आतून चर्रर्र असा आवाज आला आणि धप्पकन काहीतरी पडलं. धावत गेले तर हा जमिनीवर, दात घट्ट मिटलेले, आणि सासू भगुणं हातात धरून उभी. "पाज वं त्याले, पाज लवकर," म्हणत होती. मी ते भगुणं हिसकलं आणि पाणी अंगणात भिरकावलं. विळा उकिरड्यावर फेकला. तोंडाला येईल ते बोलले. ती कोपऱ्यात जाऊन रडायला लागली, तेव्हा मी तिच्याही शेजारी जाऊन बसले, पण माझं तोंड काही थांबलं नाही.

इकडे डुकरांना सगळं रान मोकळं. माणूस फिरकत नाही हे त्यांना आधी कळतं. धुऱ्याकडची तूर आडवी व्हायला लागली. मी कारंज्याला गेले आणि भोंगा घेऊन आले. आता बहुतेक वावरांत असतो तो, बॅटरीवर चालतो, काठीला बांधायचा आणि चालू करून द्यायचा. थोडं थोडं थांबून त्यातून आवाज येत राहतो. दुकानदारानं त्यात कुत्र्याचं भुंकणं आणि फटाके भरून ठेवले होते. मी म्हटलं, नको. हे घरी ऐकू गेलं की माझा माणूस पुन्हा भिंतीला लागेल. मग दुकानदार म्हणाला, लाल बटन दाबा आणि आपल्याच आवाजात ओरडा.

मी तुरीत उभी राहिले, बटन दाबलं. सगळे ओरडतात तसं "हाऽऽड! हुर्रऽऽ!" म्हणायचं होतं, तेवढंच. तेवढं म्हटलंही. मग माझं काय झालं ते मलाच कळलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. "निंघा माह्या वावरातून! कोन हाय आत, ये बाह्यर! माह्या मानसाले पाडलं, आता मले पाड, पाहू दे! अन् शांत राहा म्हननाऱ्यायनो, तुमच्या तोंडात माती! नाई राहत मी शांत! काय करता? मी इथंच हावो! इथंच उभी हावो! या, कोन येते ते!" मधे शिव्याही होत्या, त्या इथं लिहीत नाही. दम संपला तेव्हा बटन सोडलं. ते पुसून नवीन भरायचं कसं, हे दुकानदारानं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. म्हटलं, डुकरांना कुठं मराठी कळते. काठीला बांधला आणि चालू करून घरी आले.

डुकरांना नाही, पण गावाला कळत होतं. दिवस कलायच्या आत सगळ्या गावानं ऐकलं. वारा गावाकडे वाहत होता. गिरणीवर बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. शाळेतून येणारी पोट्टी माझ्या घरासमोर येऊन "इथंच उभी हावो!" ओरडून पळाली. पारावरचे मात्र गप्प होते, त्यांच्या तोंडात माती गेली होती. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त. म्हटलं, मरू दे तो भोंगा, जाऊन उपटूनच आणते. चपला घातल्या.

नवरा दारात आला. स्वतःहून, आतल्या खोलीतून दारापर्यंत. "राहू दे," म्हणाला.

"गाव हसून राह्यलं अवो."

"हसू दे."

तुरीकडून पुन्हा माझा आवाज आला. मी त्याच्याकडे पाहत होते, आता दचकेल म्हणून. तो दचकला नाही. आवाज चालू होता तोवर त्यानं दम धरून ठेवला आणि "कोन येते ते" झाल्यावर हळूहळू, पार पोट रिकामं होईपर्यंत सोडला. मग पुढचा आवाज येईस्तोवर तसाच सावकाश श्वास घेत उभा. कोणी शिकवलं नव्हतं. त्या समुद्रवाल्या बाईला जे जमलं नाही ते माझ्या शिव्यांनी होत होतं.

"तिकडून काई आवाज आला का मले डुक्करच दिसे," तो म्हणाला. "आता तू दिसतं, कंबरेवर हात ठेऊन."

चपला काढल्या आणि चुलीकडे गेले.

त्यानंतर तो ओसरीवर बसायला लागला. मग अंगणात. मग गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचा, भोंगा वाजला की पुढे पाऊल, थांबला की हाही उभा. मधेच दोन दिवस पुन्हा आतच राहिला, कोणाच्या तरी लग्नाचे फटाके झाले म्हणून. मी त्या लग्नघरी जाऊनही बोलून आले. बशीतून चहा प्यायला लागला तेव्हा सासूनं देवापुढे साखर ठेवली. मी डोळे पुसले आणि कोणी पाहिलं नाही ना ते पाहिलं.

पण तुरीत तो जाईना. धुऱ्यापर्यंत यायचा आणि वाळलेल्या शेंगा वाजल्या की माघारी. मला एकच भीती होती, हा आता असाच राहणार, धुऱ्यापर्यंतचा. पुढच्या सोंगणीलाही, त्याच्या पुढच्याही. ती भीती मी कोणाला सांगितली नाही. भीती वाटली की मी कोणावर तरी ओरडायचे, तेवढं मला येत होतं.

तूर कापायला आली. बाया लावल्या. दुपार झाली तोवर बरंच वावर मोकळं झालं होतं आणि मधे शेवटचा पट्टा उभा होता. बाया सकाळपासून भोंग्याला कंटाळल्या होत्या. एकजण म्हणाली, "काकू, तुमी इकडून बोलता, हा डब्बा तिकडून बोलते. बंद करा ना एखादं." आणि तिनंच तो बंद केला. मी कामाच्या नादात होते.

मान वर केली तर नवरा धुऱ्याच्या आत आलेला. मोकळ्या झालेल्या जागेतून चालत पार पट्ट्याजवळ. भोंगा वाजेल या भरवशावर निघाला असेल, आणि भोंगा गप्प. तेवढ्यात वारा सुटला. सगळा पट्टा सळसळला. तो जागच्या जागी थिजला. चेहरा पांढरा.

"घाबरू नका भाऊ, मोठा श्वास घ्या." "बसा, बसा खाली." "शांत राहा भाऊ." बाया एकदम सुरू झाल्या.

तो माझ्याकडे पाहत होता. "बोल ना," म्हणाला. "तू बोल काई."

आणि माझी बोलती बंद झाली. जन्मात पहिल्यांदा. मला तो पट्टा दिसत होता, त्याच्यासमोर, तसाच एवढासा. मला ती पहिली सळसळ ऐकू येत होती आणि त्याच्या मांडीतलं रक्त दिसत होतं. हातातून विळा गळून पडला. पाठ थरथरायला लागली आणि मी बाजूच्या बाईचा खांदा धरला. इतके दिवस घरात एकच माणूस दचकलेला आहे असं सगळ्यांनी धरलं होतं, मीही धरलं होतं.

त्यानं ते पाहिलं. मला पाहून त्याचा चेहरा बदलला. तो माझ्याकडे आला, अगदी सावकाश, काट्याकुट्यांतून पाय टाकत. बाजूला उभा राहिला. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे तळहात ठेवला आणि अंगाचा भार माझ्या अंगावर टाकला. गार हात होता, तोही कापतच होता.

"होऽऽ," म्हणाला. "होऽऽ... होऽऽ..."

किती वेळ ते माहीत नाही. माझ्या पाठीची थरथर थांबली आणि त्याच्या हाताचीही. माझ्या तोंडून एक मोठा उसासा निघाला आणि मग मला राग आला.

"मी काय बैल हाय का वो?"

तो हसला. सोयाबीनच्या सोंगणीपासून तो हसला नव्हता. "बैल बरा," म्हणाला. "तो शिव्या नाई देत."

बाया हसायला लागल्या. मी पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्यावर ओरडले की उभ्या काय राह्यल्या, तो भोंगा चालू करा आधी. नवरा म्हणाला, "राहू दे बंद. तू हाय ना इथं." मग त्यानं खाली पडलेला माझा विळा उचलला आणि पट्ट्याकडे वळला.

"डबा!" मी किंचाळले. "मुकाट्यानं डबा घ्या आधी! खबरदार तसं वाकसान तर!"

पाणी प्यायचा पत्र्याचा डबा बांधावर होता. त्यानं तो रिकामा केला, विळ्याच्या मुठीनं ठोकून पाहिला, आणि मग वाजवायला लागला. ज्याच्यासाठी मी घरात ताटलीसुद्धा आवाज न करता ठेवत होते, त्यानं सगळं शिवार दणाणून सोडलं. पट्ट्याला वळसा घालत, पलीकडची बाजू मोकळी सोडून, रीतीनं. आतून एक तित्तर उडालं, दुसरं काही नव्हतं. तरी तो वाजवतच राहिला, आणि मी मागे मागे चालत त्याला शिव्या घालत होते आणि रडत होते, आणि मला शांत हो म्हणायची कोणाचीच छाती झाली नाही.